चुकणाऱ्या माणसाचाही हक्क

इटलीतील बोलोन्या हे शहर १८५८ साली पोपच्या राज्यात मोडत होते. त्या वर्षी २३ जूनला पोपचे पोलीस मोमोलो मोर्तारा या ज्यू गृहस्थाच्या घरी आले आणि त्यांनी त्याच्या मुलांची चौकशी केली. त्यांना हवा होता सहा वर्षांचा एदगार्दो. हा मुलगा तान्हा असताना आजारी पडला होता. मूल दगावेल या भीतीने घरातील ख्रिस्ती मोलकरणीने आईबापांच्या नकळत त्याच्यावर पाणी शिंपडून त्याला बाप्तिस्मा दिला होता. काही वर्षांनी ही गोष्ट इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, कानावर गेली. बाप्तिस्मा झालेले मूल ख्रिस्ती आणि ख्रिस्ती मुलाला अन्यधर्मीय आईबापांच्या हाती वाढू द्यायचे नाही, असा त्या राज्याचा कायदा होता. दुसऱ्या दिवशी मुलाला घरातून उचलून रोमला रवाना करण्यात आले. युरोप-अमेरिकेत गहजब झाला, फ्रान्सच्या सम्राटानेही नापसंती कळवली. पण पोप नववे पायस बधले नाहीत. एदगार्दो पुन्हा त्या घरचा झाला नाही. तो पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला आणि १९४० साली बेल्जियममध्ये निवर्तला.

या प्रकरणात खलपुरुष शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. मोलकरणीने जे केले ते तान्ह्या जिवाच्या काळजीने आणि पोपने जे केले ते, त्यांच्या समजुतीप्रमाणे, मुलाच्या आत्म्याच्या काळजीने. घडले ते एका विचारातून अत्यंत तर्कशुद्ध रीतीने घडले. तो विचार असा, की सत्य एकच आहे, ते चर्चच्या स्वाधीन आहे आणि हक्क असलाच तर तो सत्याला आहे. असत्याला कसला आला आहे हक्क? ज्यू बापाचा बापपणाचा हक्क या हिशेबात बसतच नव्हता.

त्यानंतर १०७ वर्षांनी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, त्याच रोममध्ये जगभरच्या कॅथलिक बिशपांनी २३०८ विरुद्ध ७० मतांनी एक जाहीरनामा संमत केला आणि पोप सहावे पॉल यांनी तो प्रसृत केला. कोणत्याही माणसावर, मग त्याचा धर्म कोणताही असो वा कोणताच नसो, धर्माच्या बाबतीत बळजबरी करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे त्यात म्हटले होते. आरंभीच्या दोन लॅटिन शब्दांवरून हा दस्तऐवज ‘डिग्निटाटिस ह्युमाने’, म्हणजे ‘मानवी प्रतिष्ठेचे’, या नावाने ओळखला जातो. जेमतेम पंधरा परिच्छेदांचा हा मजकूर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतील सर्वाधिक वादग्रस्त मजकुरांपैकी एक ठरला. वाद धर्मस्वातंत्र्य द्यावे की न द्यावे एवढ्यापुरता नव्हता. शतकभर जे निषिद्ध ठरवले, ते आता हक्क म्हणून मान्य केले तर चर्च चुकले होते असे कबूल करावे लागेल काय, हा खरा पेच होता.

एकोणिसाव्या शतकातील पोपनी या स्वातंत्र्याला केलेला विरोध आज वाचताना चमत्कारिक वाटतो. सोळावे ग्रेगरी यांनी १८३२ सालच्या आपल्या परिपत्रकात सर्वांना विवेकस्वातंत्र्य असावे ही कल्पनाच भ्रमिष्टपणाची ठरवली. नवव्या पायस यांनी ८ डिसेंबर १८६४ रोजी ८० प्रमादांची यादी प्रसिद्ध केली. आपल्या बुद्धीला पटेल तो धर्म स्वीकारण्यास प्रत्येकजण मोकळा आहे, हे मत त्या यादीत होते. परंतु या विरोधामागची भीती अगदीच काल्पनिक नव्हती. फ्रेंच राज्यक्रांतीने स्वातंत्र्याच्या नावाने धर्मगुरूंची कत्तल केली, मठ लुटले. पोप सहावे पायस तर १७९९ साली फ्रेंचांच्या कैदेत मरण पावले. युरोपातील उदारमतवाद चर्चच्या दारात आला तो हातात जप्तीचा हुकूम घेऊन. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द ऐकताच रोमला गिलोटिन आठवत असे.

तथापि भीतीचे तत्त्वज्ञान झाले की ते सोयीचेही होते. कॅथलिक जिथे बहुसंख्य आहेत तिथे राज्य कॅथलिक असावे आणि इतर पंथांच्या जाहीर उपासनेला आळा घालावा, ही झाली आदर्श स्थिती; जिथे ते अल्पसंख्य आहेत तिथे व्यवहार म्हणून सर्वांसाठी स्वातंत्र्य मागावे, ही झाली तडजोड. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक कॅथलिक पाठ्यपुस्तके हेच शिकवीत. ही दुहेरी मापे टीकाकारांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. फ्रँकोच्या स्पेनमध्ये प्रॉटेस्टंटांना प्रार्थनास्थळावर पाटी लावता येत नव्हती आणि त्याच काळात पूर्व युरोपातील कम्युनिस्ट राजवटींकडे चर्च धर्मस्वातंत्र्य मागत होते. मागणी न्याय्य होती, पण मागणाऱ्याचा दुसरा हात पाठीमागे होता.

जुन्या परंपरेत दुसराही एक धागा होता, हे विसरून चालणार नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, ख्रिस्ती लोक स्वतः छळ सोसत असताना, कार्थेजच्या टर्टुलियनने धर्माच्या स्वातंत्र्याची भाषा केली होती. श्रद्धा बळाने लादता येत नाही, हे मध्ययुगीन धर्मपंडितांनाही मान्य होते. पण ज्यू आणि अन्यधर्मीयांवर सक्ती नको म्हणणारे थॉमस अक्विनास, एकदा स्वीकारलेली श्रद्धा सोडणाऱ्यावर सक्ती करावी असेही सांगत होते. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, चाललेले इन्क्विझिशन याच दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर उभे होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या घरात जुने देव, जुने सण, जुने संस्कार तर उरले नाहीत ना, याची झडती घेणे हे त्याचे मुख्य काम. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे हा इतिहास अभ्यासकांसमोर सविस्तर आला.

हा गुंता सोडवण्यात ज्यांचा सर्वाधिक वाटा होता, ते अमेरिकन जेझुइट धर्मपंडित जॉन कोर्टनी मरे. अमेरिकेच्या अनुभवाने त्यांना एक गोष्ट दाखवली होती. तेथील राज्यघटनेने १७९१ साली राज्याला कोणताही अधिकृत धर्म स्थापन करण्यास मनाई केली आणि त्यामुळे कॅथलिक चर्चचा ऱ्हास होण्याऐवजी भरभराटच झाली. मरे यांचे म्हणणे असे, की कोणता धर्म खरा हे ठरवण्याची पात्रताच राज्याकडे नाही. राज्याचे काम सार्वजनिक सुव्यवस्था राखण्याचे. ते धर्मज्ञ नाही, तेव्हा त्याने धर्माचा निवाडा करू नये. आज ही मांडणी साधी वाटते. पण १९५० च्या दशकाच्या मध्यास वरिष्ठांनी मरे यांना या विषयावरील लेखन थांबवण्यास सांगितले. त्यांनी मुकाट्याने ते थांबवले आणि आपल्या खोलीतील त्या विषयावरची पुस्तके ग्रंथालयात परत केली. १९६२ साली परिषद सुरू झाली, तेव्हा निमंत्रितांत त्यांचे नाव नव्हते. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्डिनल स्पेलमन यांच्या आग्रहाने ते तज्ज्ञ म्हणून रोमला पोहोचले आणि ज्या विषयावर त्यांना गप्प बसवण्यात आले होते, त्याच विषयाच्या मसुद्याचे प्रमुख शिल्पकार ठरले.

दरम्यान ११ एप्रिल १९६३ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी जगातील शांततेवरचे आपले परिपत्रक काढले होते. त्यात त्यांनी चूक आणि चूक करणारा माणूस यांत भेद केला. मत चुकीचे असेल, पण ते बाळगणारा माणूस माणूसच राहतो. पेच सुटण्याची किल्ली या भेदात होती. हक्क सत्याला असतो की असत्याला, हा प्रश्नच मुळात चुकीचा विचारला गेला होता. कारण सत्य वा असत्य या कल्पना आहेत आणि कल्पनांना हक्क नसतात. हक्क माणसांना असतात. हे एकदा मान्य केले, की मोमोलो मोर्तारा ज्यू असूनही नव्हे, माणूस म्हणूनच आपल्या मुलाचा बाप ठरतो.

परिषदेत मात्र हे सहजासहजी मान्य झाले नाही. कार्डिनल ओत्ताव्हियानी यांच्यासारखे जुन्या मताचे धुरीण आणि बरेचसे स्पॅनिश व इटालियन बिशप विरोधात होते. बेल्जियममधील ब्रूजचे बिशप डी स्मेट मसुदा मांडत, त्यावर हरकती येत, पुन्हा नवा मसुदा तयार होई. १९ नोव्हेंबर १९६४ रोजी, तिसरे सत्र संपायला दोन दिवस उरले असताना, या विषयावरचे मतदान पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. सभागृहात खळबळ माजली. ‘अत्यंत, अत्यंत तातडीने’ मतदान घ्यावे, अशी पोपना विनंती करणाऱ्या अर्जावर तिथल्या तिथे शेकडो बिशपांनी सह्या केल्या. तो गुरुवार होता. इतिहासकार त्याला ‘काळा गुरुवार’ म्हणतात. सहावे पॉल यांनी निर्णय बदलला नाही, पुढच्या सत्रात हा विषय अग्रक्रमाने घेऊ एवढे आश्वासन दिले.

या प्रसंगानंतर तेरा दिवसांनी, २ डिसेंबरला, हेच पोप मुंबईत उतरले. आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेच्या निमित्ताने झालेली ही भारतातील पहिली पोपभेट. पोर्तुगालच्या सालाझार राजवटीला ती रुचली नाही, कारण गोवा मुक्त होऊन तीनच वर्षे झाली होती आणि स्वतःला कॅथलिकांचे कैवारी म्हणवणाऱ्या त्या राजवटीला पोपने दिल्लीच्या पाहुणचारास जाणे हा आपला अपमान वाटला. मुंबईत ३ डिसेंबरला विविध धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना सहावे पॉल यांनी बृहदारण्यकोपनिषदातील असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना उद्धृत केली. रोममध्ये अन्यधर्मीयांच्या हक्कावर मतदान अडले असताना त्या धर्मगुरूच्या तोंडी हे उपनिषदातील शब्द येणे, हा योगायोग लहान नव्हे.

पुढल्या वर्षी चौथ्या सत्राच्या आरंभी चर्चा पुन्हा सुरू झाली. त्या चर्चेतील सर्वांत वजनदार भाषण २० सप्टेंबर १९६५ रोजी प्रागचे कार्डिनल योसेफ बेरान यांनी केले. हे गृहस्थ नाझींच्या डाखाऊ छळछावणीत राहून आलेले आणि नंतर कम्युनिस्टांनी वर्षानुवर्षे डांबून ठेवलेले. अत्याचार सोसलेल्या धर्माधिकाऱ्याने अत्याचाऱ्यांवर बोट ठेवावे, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. बेरान यांनी बोट ठेवले ते स्वतःच्या चर्चवर. १४१५ साली धर्मसुधारक यान हुस याला जिवंत जाळण्यात आले, सतराव्या शतकात बोहेमियातील जनतेला सक्तीने कॅथलिक करण्यात आले; विवेकस्वातंत्र्याविरुद्धच्या त्या अपराधांचे प्रायश्चित्त आमच्या देशातील चर्च आज भोगत आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सक्तीने माणसे श्रद्धाळू होत नाहीत, ढोंगी होतात, हेही त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी प्राथमिक मतदानात १९९७ मते मसुद्याच्या बाजूने आणि २२४ विरोधात पडली. पोलंडमधील क्राकूवचे आर्चबिशप कारोल वोयतिवा हेही या चर्चेत बोलले होते. स्वातंत्र्याची सत्याशी असलेली गाठ तुटू देऊ नका, असा त्यांचा आग्रह होता. हेच पुढे पोप दुसरे जॉन पॉल झाले.

जाहीरनाम्याच्या शीर्षस्थानी असलेला ‘प्रतिष्ठा’ हा शब्द मराठीत थोडा फसवा आहे. आपल्याकडे गावातील ‘प्रतिष्ठित’ मंडळी असतात, प्रतिष्ठा मिळवावी लागते आणि एखाद्या गैरकृत्याने ती जातेही. प्राचीन रोममध्येही ‘डिग्निटास’ म्हणजे पद आणि मानमरातबच होता. येथे अभिप्रेत असलेली प्रतिष्ठा याच्या नेमकी उलट आहे. ती मिळवलेली नसते, म्हणून गमावताही येत नाही. भारतीय राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे शब्द याच अर्थाने आले आहेत. कॅथलिक विचारात तिचा उगम माणूस ईश्वराच्या प्रतिमेत निर्माण झाला या श्रद्धेत आहे. पण माणसाला बुद्धी आणि इच्छाशक्ती आहे, तो स्वतः शोध घेऊन सत्य स्वीकारू शकतो, हे बुद्धीलाही पटण्यासारखे आहे, असे जाहीरनामा म्हणतो. सत्य शोधणे हे माणसाचे कर्तव्य आहे आणि कर्तव्य बाहेरच्या दडपणाखाली पार पाडता येत नाही. कोणी ते कर्तव्य टाळले, सत्याची पर्वाच केली नाही, तरीही त्याचा हक्क नाहीसा होत नाही. नास्तिकाला आणि धर्माविषयी बेफिकीर असलेल्यालाही संरक्षण मिळते ते या मुद्द्याने, आणि विरोधकांना सर्वाधिक झोंबला तोही हाच.

हा हक्क एकट्याने, मनातल्या मनात श्रद्धा बाळगण्यापुरता नाही. जाहीरपणे, समूहाने उपासना करणे, संस्था चालवणे, मुलांना आपल्या धर्माचे शिक्षण देणे हे सारे त्यात येते. मर्यादा एकच: न्याय्य सार्वजनिक सुव्यवस्था. एखाद्या राष्ट्राने ऐतिहासिक कारणांनी एका धर्माला विशेष मान्यता दिली असली, तरी इतरांचा हक्क अबाधित राहिला पाहिजे. भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे चौथा परिच्छेद. धर्माचा प्रसार करताना जबरदस्ती, लबाडी किंवा न शोभणारे मनवळवणीचे मार्ग वापरणे, विशेषतः गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत, हा दुसऱ्याच्या हक्काचा भंग आहे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. धर्मांतराच्या वादात दोन्ही बाजूंनी मोठा आवाज होत असताना हा परिच्छेद क्वचितच कोणाला आठवतो.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क १९५० सालीच दिला होता. म्हणजे इथले कॅथलिक ज्या हक्काखाली राहत होते, त्याची तात्त्विक मान्यता त्यांच्या चर्चकडून यायला आणखी पंधरा वर्षे लागली. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क समाविष्ट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात ठरवले. उलट दुसरे जॉन पॉल नोव्हेंबर १९९९ मध्ये दिल्लीत आले, तेव्हा धर्मस्वातंत्र्यात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्यही येते, असे त्यांनी विविध धर्मीयांच्या सभेत सांगितले. त्याच भेटीत आशियातील श्रद्धेच्या पिकाविषयी त्यांनी व्यक्त केलेल्या आशेवर टीकाही झाली. प्रसार करणाऱ्याचा हक्क आणि ऐकणाऱ्याचा हक्क यांची सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न जाहीरनाम्याने सोडवलेला नाही. निकष मात्र दिला: ऐकणाऱ्याचा निर्णय खरोखर त्याचा स्वतःचा असला पाहिजे.

जाहीरनामा निर्दोष आहे असे म्हणणे कठीण आहे. पहिल्याच परिच्छेदात, खऱ्या धर्माप्रति माणसांचे आणि समाजांचे जे कर्तव्य आहे त्याविषयीची पारंपरिक शिकवण आम्ही जशीच्या तशी ठेवली आहे, अशी ग्वाही आहे. विरोधकांना शांत करण्यासाठी घातलेले हे वाक्य आजही दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने ओढतात. इतिहासातील बळजबरीची कबुली तर बाराव्या परिच्छेदात अगदी दबक्या आवाजात येते. शुभवर्तमानाला न शोभणारे वर्तन अधूनमधून घडले, एवढेच. बेरान यांच्या भाषणापुढे ही कबुली फिकी वाटते. जाहीर क्षमायाचनेसाठी १२ मार्च २००० हा दिवस उजाडावा लागला. शिवाय राज्याने बळजबरी करू नये असे सांगणारे चर्च स्वतःच्या अंतर्गत मतभेदांना किती मोकळीक देते, या प्रश्नाला जाहीरनाम्याने हातच लावलेला नाही.

परिणाम मात्र झाले आणि ते कागदावर राहिले नाहीत. स्पेनने १९६७ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला, तो परिषदेच्या दबावामुळेच. इटलीशी १९८४ साली झालेल्या नव्या करारात कॅथलिक धर्माचा राजधर्म हा दर्जा संपुष्टात आला. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लेफेव्र यांना मात्र हे सारे सत्याशी केलेला द्रोह वाटले. कालचे पोप बरोबर असतील तर आजची परिषद चूक, असा त्यांचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद होता. त्यांनी १९८८ साली पोपच्या परवानगीविना चार बिशपांना दीक्षा दिली आणि ते बहिष्कृत ठरले. या युक्तिवादाला सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २२ डिसेंबर २००५ च्या भाषणात केला. तत्त्वे तीच राहतात, पण परिस्थितीनुसार बदलणारे निर्णय बदलू शकतात, असा त्यांचा भेद होता; आणि सम्राटाची पूजा नाकारून प्राण देणारे आरंभीचे हुतात्मे विवेकस्वातंत्र्यासाठीच मेले, असे सांगून त्यांनी नवी शिकवण हीच अधिक जुनी असल्याचे दाखवले. इतिहासाच्या अभ्यासकांना हे उत्तर पुरेसे वाटेलच असे नाही, कारण १८६४ ची यादी निव्वळ प्रासंगिक निर्णय म्हणून लिहिली गेली नव्हती.

‘प्रतिष्ठा’ हा शब्द त्यानंतर कॅथलिक विचारात दूरवर पोहोचला. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी मृत्युदंड अग्राह्य ठरवला, तो गुन्हेगाराचीही प्रतिष्ठा नष्ट होत नाही या आधारावर. एप्रिल २०२४ मध्ये व्हॅटिकनने मानवी प्रतिष्ठेवर स्वतंत्र दस्तऐवजच काढला आणि त्यात गरिबी, युद्ध, स्थलांतरितांची दैना अशा विषयांची चर्चा केली.

तरीही जुना हिशेब मिटलेला नाही. दुसरे जॉन पॉल यांनी ३ सप्टेंबर २००० रोजी सेंट पीटर्स चौकात एकाच समारंभात दोन पोपना ‘धन्य’ घोषित केले. एक होते माणूस आणि त्याची चूक यांत भेद करणारे तेविसावे जॉन. दुसरे, नववे पायस. मोर्तारा घराण्याच्या वंशजांनी आणि ज्यू संघटनांनी त्याचा जाहीर निषेध केला होता. २०१८ साली एका अमेरिकी नियतकालिकात एका डॉमिनिकन धर्मपंडिताने एदगार्दोला घरातून नेण्याचा नवव्या पायस यांचा निर्णय योग्यच होता असे प्रतिपादन केले, तेव्हा त्यावर सर्वाधिक तुटून पडले ते कॅथलिकच.